दीड स्वर खाली

इनोकेन्ती झाबोरोव पहिल्यांदा विसरला तो पीटर्सबर्गमध्ये, भरल्या सभागृहात, मागे साठ वादकांचा ताफा बसलेला असताना. संगीतविद्यालयाचं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्याला त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तो वाजवत होता त्या रचनेच्या दुसऱ्या भागात एक जागा अशी होती, की सगळी वाद्यं गप्प होत आणि पियानो एकटाच बोलू लागे. तिथं त्याचे हात थांबले. बोटं चुकली असती तरी चाललं असतं. पण पुढं काही आहे हेच त्याच्या डोक्यातून नाहीसं झालं होतं. जिना उतरताना पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसं.

त्यानं तो भाग पुन्हा पहिल्यापासून धरला आणि बरोबर त्याच जागी पुन्हा अडकला. कुणीतरी खोकलं. वृंदाच्या प्रमुखानं वाकून, ओठ न हलवता सांगितलं, "सोडून द्या. शेवटचा भाग घ्या." शेवटचा भाग त्यानं वाजवला. कसा वाजवला ते त्याला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीन ओळी होत्या. 'श्री. झाबोरोव यांचे हात उत्तम आहेत. पुढच्या वेळी त्यांनी डोकंही सोबत आणावं.'

त्या तीन ओळींनी त्याचं वर्ष खाल्लं. जिथं जाईल तिथं लोक आधी हसू दाबत आणि मग सभागृह रिकामं नसल्याचं सांगत. त्याचे गुरुजी म्हातारे होते आणि मनानं चांगले होते. ते म्हणाले, "तू रचना कर, बाबा. कागद काही विसरत नाही." रचना तो करतच होता. एक सोनाटा पुरा झाला होता, दुसरा अर्धा. पण ज्याचं वाजवणं कुणी ऐकायला तयार नाही त्याचं लिहिलेलं कोण छापणार?

वडील व्यात्का गावच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचे मदतनीस, होते. ऑगस्टात त्यांचं पत्र आलं. 'तू एक वर्ष मागितलंस, मी दिलं. इथल्या चर्चच्या शाळेत मुलांना गाणं शिकवणारा मास्तर हिवाळ्यात निवृत्त होतोय. मी बिशपसाहेबांच्या कानावर घातलं आहे. नाताळचा उपास सुरू व्हायच्या आत ये. नाही आलास तर मला बाप म्हणू नकोस.'

केशा (घरात त्याला केशा म्हणत) ते पत्र खिशात घालून पंधरा दिवस हिंडला. मग फेओफान कार्पिच नावाच्या माणसानं त्याला व्होल्गाच्या दौऱ्यावर साथीला घेतलं. गाणारी बाई होती कपितोलिना साविश्ना द्रोझ्दोवा. तिनं मॉस्कोत वीस वर्षं गाजवली होती. दोन गाण्यांमध्ये बाईंना दम घेता यावा म्हणून केशानं एकट्यानं काहीतरी छोटं वाजवायचं, असं ठरलं.

"छोटं, आणि गोड," फेओफान कार्पिचनं बजावलं. हा माणूस आधी सर्कस चालवायचा. "तुमचे ते रडके सोनाटे-बिनाटे नकोत. लोक तिकीट काढून रडायला येत नाहीत, घरी फुकट रडतात."

*

सप्टेंबर संपता संपता ते नीझ्नीहून बोटीत बसले. नदी गोठायच्या आधीच्या शेवटच्या फेऱ्या होत्या, त्यामुळं बोटीत गर्दी होती, डेकवर खरबुजांचे ढीग होते आणि सगळीकडं ओल्या मेंढीच्या कातड्याचा वास होता. पहिल्या वर्गाच्या दालनात एक बसका पियानो होता. कप्तानाच्या झोपेमुळं दुपारी तो वाजवायला बंदी होती. केशा मग जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बोटं आपटत बसे.

"लाकडावर कसं आठवतं रे तुला सगळं?" कपितोलिना साविश्नानं विचारलं. ती पन्नाशीला टेकलेली, उंच, रुंद हाडाची बाई होती. चहात चेरीचा मुरांबा ढवळत ती त्याच्याकडं बघत बसली होती.

"लाकडासमोर माणसं नसतात," तो म्हणाला.

ती हसली. तिचं हसणं पोटातून येई, गाण्यासारखंच. खर्जाचा आवाज, तो ऐकला की केशाला लहानपणीची घंटा आठवे, मोठ्या सणाला वाजायची ती.

पण पहिल्या तालमीतच त्याला कळलं की या घंटेला तडा गेलाय. तिसऱ्या गाण्याला ती थांबली, दार लावून आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हे अर्धा स्वर खाली घे."

"कागदावर तर—"

"कागदावर काय आहे ते मला ठाऊक आहे. कागद मी तुझ्या जन्माआधी पाहिलाय. खाली घेता येतं का तुला, की विद्यालयात नुसती पदकंच वाटतात?"

त्याला येत होतं. समोर कागद मूळ पट्टीतला ठेवायचा, डोळ्यांनी तोच वाचायचा आणि हातांनी मात्र सगळं खाली सरकवून वाजवायचं. मोठमोठ्या वादकांना घाम फुटावा असं काम. पण केशाला त्याची भीती नव्हती. त्यात आठवावं लागत नव्हतं, वाचावं लागत होतं.

काझानला ती म्हणाली, "एक स्वर." मग त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "असा बघू नकोस. लोकांना पट्टी कळत नाही. लोकांना झगा कळतो. आणि फेओफानला तर तेवढंही कळत नाही. तू बोलला नाहीस की झालं."

"मी कुणाला सांगू?"

"हेच म्हणते."

त्याच संध्याकाळी काझानला केशा पुन्हा विसरला. चार मिनिटांचा गोड तुकडा, लहान पोरंही वाजवतात असला. मधेच ती पायरी नाहीशी झाली. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळला. हातांनी कसेबसे दोन-तीन मोठे सूर दाबले आणि तुकडा अर्ध्यातच संपवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, एवढाच असेल. तो पडद्याआड आला तेव्हा कपितोलिना साविश्ना शाल लपेटून उभी होती.

"कुठं गेला होतास मधेच?"

तो भिंतीला टेकला. 

"बस खाली. पाणी पी. कधीपासून आहे हे?"

त्यानं पीटर्सबर्गचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. शेवटी तिनं त्याच्या मानेवर आपला जड, ऊबदार हात ठेवला.

"छान. एक तडा गेलेली घंटा आणि एक विसरभोळा घंटा वाजवणारा. काय जोडी जमवलीय त्या सर्कसवाल्यानं! ऐक, केशा. तू माझं झाक, मी तुझं झाकते. सरातोवपर्यंत पोचू. पुढचं देव बघेल."

त्या दिवसापासून ती त्याला केशाच म्हणू लागली, आणि स्वतःच्या ताटातली काकडी न विचारता त्याच्या ताटात टाकू लागली.

*

सिम्बिर्स्कला पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. फेओफान कार्पिचनं केशाला खानावळीत गाठलं, त्याच्यासमोर बसला आणि आपल्या बोटांनी टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागला.

"बाईचा आवाज गेलाय," तो म्हणाला.

"नाही तर. मला तर—"

"अरे, मी गावठी असेन, पण बहिरा नाही. काल शेवटच्या गाण्याला मागच्या बाकावरचे लोक उठून गेले. माझ्याकडं सील मासे होते, तीन. त्यांतला एकही कधी म्हणाला नाही की आज घसा बसलाय." त्यानं कण तोंडात टाकले. "आता नीट ऐक. समाराचं सभागृह भरलंय. तिथं स्टेम्पेल येतोय."

केशानं चमचा खाली ठेवला. स्टेम्पेल हे नाव पीटर्सबर्गमधल्या प्रत्येक वादकाला तोंडपाठ होतं. राजधानीतल्या निम्म्या मैफिली तो माणूस ठरवी. त्याच्या कचेरीबाहेर केशा तीन वेळा बसून आला होता आणि तिन्ही वेळा आतून निरोप आला होता, साहेब नाहीत.

"ओरेनबुर्गला पुतणीच्या लग्नाला चाललाय. वाटेत एक संध्याकाळ मोकळी आहे म्हणून येतोय. बाई उभी राहिली तर तो बाईला ऐकेल, तुझे दोन गोड तुकडे ऐकेल आणि झोपायला जाईल. पण बाई मधेच बसली," फेओफान कार्पिच पुढं वाकला, "तर मला लोकांना घरी पाठवता येणार नाही. मग तू आहेस, पियानो आहे, आणि तुझं जे काय लिहिलेलं असेल ते आहे. वाजव हवं ते. सोनाटासुद्धा."

"ती बसणार नाही," केशा म्हणाला.

"नाहीच बसली, तर सरातोवला आपण निरोप घेऊ. तिथं मला साथीला एक जर्मन मिळतोय. तो विसरत नाही म्हणे." त्यानं केशाकडं थेट पाहिलं. काझानचं त्याला कळलं होतं तर. "मी तुला काही कर म्हणत नाहीये हं. नुसतं कळवतोय. तयार राहा, एवढंच."

केशा तिथंच बसून राहिला. समोरचं कोबीचं सूप गार होऊन त्यावर चरबीची साय धरली. खिशात वडिलांचं पत्र होतं. उपास सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. सरातोवहून व्यात्काला जायला एक आठवडा लागतो. चर्चच्या शाळेतला तो वर्ग त्याला डोळ्यांसमोर दिसला. त्याच वर्गात तो शिकला होता. ओल्या बुटांचा वास, पट्टी घेऊन उभा असलेला मास्तर, आणि एकसुरात ओरडणारी चाळीस पोरं. तो मास्तर आता आपण.

त्या क्षणी त्याच्या मनात एक इच्छा आली. तिला त्यानं शब्द दिले नाहीत, पण ती आली. पुढं आयुष्यभर तो स्वतःला सांगू पाहायचा की ती आलीच नव्हती. पण ती आली होती, सिम्बिर्स्कच्या खानावळीत, दुपारी, गार सुपासमोर.

*

समाराला मैफिलीच्या दिवशी दुपारी कपितोलिना साविश्नानं त्याला आपल्या खोलीत बोलावलं. तिनं गळ्याभोवती लोकरीचा मोजा गुंडाळला होता आणि ती गरम दूध पीत होती.

"अंगाईचं गाणं," ती कुजबुजली. आवाज राखायचा म्हणून दिवसभर ती कुजबुजतच होती. "ते आज दीड स्वर खाली."

"दीड?"

"दीड. दुसऱ्या कडव्यात ती ओळ वर चढते ना, तिथं माझ्याकडं आता काही नाही. दीड स्वर खाली असलं तर मी तिथं चालत जाईन. नसलं तर पडेन." तिनं दुधाचा घोट घेतला. "त्या गाण्यासाठीच लोक येतात. ते गाळता येत नाही. लक्षात राहील?"

"राहील."

"कागदावर लिहून ठेव."

"कशाला? राहील लक्षात."

ती त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिनं त्याच्या कोटाची वळलेली कॉलर सारखी केली. "घाबरू नकोस त्या स्टेम्पेलला. मी ओळखते त्याला. जेवण झाल्याशिवाय त्याला काही ऐकू येत नाही."

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत, उजवीकडं, टक्कल पडलेला एक जाडा गृहस्थ पोटावर हात बांधून बसला होता. पहिली तीन गाणी नीट पार पडली. केशाचा गोड तुकडाही पार पडला. त्याला टाळ्या मिळाल्या, आणि त्या टाळ्या वाजत असताना त्या गृहस्थानं घड्याळ काढून पाहिलं. केशानं ते पाहिलं.

मग अंगाई. कपितोलिना साविश्ना पियानोच्या वळणदार कडेला टेकून उभी राहिली, तिच्या नेहमीच्या जागी. तिनं मान किंचित झुकवली, सुरू कर.

त्यानं हात ठेवले आणि सुरुवात केली. गाण्याआधी पियानोच्या चार ओळी होत्या, पाळणा हलावा तशा. पहिली ओळ संपली आणि त्याला कळलं. हे मूळ पट्टीत चाललंय. समोरच्या कागदावर जसंच्या तसं. दीड स्वर वर.

विसरला होता का तो? त्या क्षणाआधी त्याच्या डोक्यात काय होतं, हे त्यानं पुढं हजार वेळा उकरून पाहिलं. तिथं काही सापडत नसे. पण पहिल्या ओळीनंतरचं त्याला लख्ख आठवत होतं. तीन ओळी बाकी होत्या. तीन ओळींत खाली उतरता येतं. दोन सूर फिरवायचे आणि उतरायचं. संगीतविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात, आणि त्यात तो सगळ्या वर्गात पहिला होता. दुसरी ओळ गेली. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाही. तिसरी गेली. त्याचे हात शांतपणे, अतिशय सुंदर वाजवत होते. चौथी गेली.

ती गाऊ लागली.

पहिलं कडवं असं आलं, की दौऱ्यात त्यानं तसं काही ऐकलं नव्हतं. त्या वरच्या पट्टीत तिचा आवाज उजळला. घंटेचा तडा कुठं गेला कोण जाणे. सभागृहात कुणी हलत नव्हतं. केशाला क्षणभर वाटलं, हे होईल, ही जाईल पार. आणि त्याचा जीव भांड्यात पडला की काळीज चरकलं, हे त्याचं त्यालाच कळेना.

दुसऱ्या कडव्यात ती ओळ चढू लागली. ती वर गेली, आणखी वर, आणि शेवटच्या सुरावर आवाज फाटला. कापड फाटतं तसा. मग नुसती हवा आली. ती तोंड उघडं ठेवून उभी होती आणि त्यातून काही येत नव्हतं. केशा वाजवत होता. चार सूर, पाच सूर. मग त्याचेही हात थांबले.

माडीवरून कुणीतरी हसलं. एकच जण, तरुण आवाज. लगेच दहाजणांनी त्याला शू शू केलं, आणि ते त्या हसण्यापेक्षाही वाईट होतं.

कपितोलिना साविश्नानं कमरेतून वाकून प्रेक्षकांना नमस्कार केला. मॉस्कोत वीस वर्षं करायची तसा, सावकाश. आणि ती आत निघून गेली.

तो आत गेला तेव्हा ती खुर्चीत बसली होती. डोळे कोरडे होते. तिनं हातानं त्याला जवळ बोलावलं आणि फाटक्या आवाजात विचारलं, "विसरलास?"

फेओफान कार्पिच दारात उभा होता. बाहेर लोकांचा गलका वाढत होता.

"हो," तो म्हणाला. "विसरलो."

तिनं मान डोलावली. "बरं. मग आता जा. लोक बसलेत."

*

तो गेला आणि दीड तास वाजवत राहिला. पाठ असलेलं सगळं वाजवलं. शेवटी स्वतःचा सोनाटा घेतला. तिसऱ्या भागात ती पायरी पुन्हा नाहीशी झाली. पण या वेळी त्याला घाम फुटला नाही. त्याला वाटलं, आता काय व्हायचं राहिलंय? जे मी आता केलं, त्याच्यापुढं विसरणं ते काय! पायरी नव्हती तर तो हवेत पाय टाकत गेला. जे सुचेल ते वाजवलं, रागानं, आकांतानं. बरंच पुढं गेल्यावर कुठंतरी जुना सोनाटा पुन्हा पायाला लागला. पुढं तो छापला गेला तेव्हा मधला तो तुकडा त्यानं तसाच ठेवला. सगळ्या सोनाट्यात तोच भाग खरा आहे, असं पुष्कळांनी लिहिलं.

स्टेम्पेल आत आला तेव्हा त्याच्या टकलावर घाम होता. "झाबोरोव? ते पीटर्सबर्गचे झाबोरोव तुम्हीच? जानेवारीत या माझ्याकडं." मग इकडंतिकडं पाहत म्हणाला, "त्या बिचाऱ्या बाईंचं फार वाईट झालं. पण कुणीतरी त्यांना आधीच सांगायला हवं होतं, नाही का?"

सकाळी केशा तिच्या खोलीवर गेला. खोली रिकामी होती. मोलकरीण गादी उलटी करत होती. बाई पहाटेच्या गाडीनं तांबोवला गेल्या, बहिणीकडं, एवढंच कळलं.

त्यानं वडिलांना तार केली, येत नाही. वडिलांचं उत्तर आलं नाही.

पुढच्या तीन हिवाळ्यांत त्यानं पीटर्सबर्गला वाजवलं, मॉस्कोला वाजवलं, रीगा, कीव, ओडेसा. वर्तमानपत्रांनी आता त्याच्या डोक्याची चेष्टा केली नाही. उलट त्याची स्मरणशक्ती अलौकिक आहे असं लिहिलं. तो खरंच पुन्हा कधी विसरला नाही. एक सूरही नाही. कधी कधी भर मैफिलीत तो मनातल्या मनात विनवी, एकदा तरी विसर, एकदा तरी खरोखर विसर, म्हणजे समारालाही तसंच झालं असेल असं म्हणता येईल. पण हात चालत राहत. टाळ्या होत. तो खोलीवर येऊन बूट न काढता पलंगावर पडून राही. ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते सगळं मिळालं होतं, आणि त्यातलं काहीच तोंडात घालवत नव्हतं. दोनदा त्यानं तिला पत्र लिहायला घेतलं. दोन्ही वेळा 'आदरणीय कपितोलिना साविश्ना' एवढ्यावर ते थांबलं.

*

एकोणीसशे तेरा सालच्या फेब्रुवारीत त्याची मैफल तांबोवला लागली. पत्ता विचारत तो दुपारी तिच्या घरी गेला. लाकडी, बुटकं घर होतं. दारात बर्फ झाडून ठेवलेलं. बहिणीनं आत घेतलं. कपितोलिना साविश्ना खिडकीपाशी बसून मुलींच्या शाळेच्या वह्या तपासत होती. केस पांढरे झाले होते. ती वाळली होती, पण रुंद हाडं तीच.

"ये, केशा," ती म्हणाली. बोलण्याचा आवाजही आता घोगरा होता. "किती वाळलायस! पेपरात तर धिप्पाड दिसतोस. बस. कोबीचं सारण भरलेला पिरोग आहे, गरम आहे तोवर खा."

"कपितोलिना साविश्ना, मला तुम्हाला एक सांगायचंय. समाराला—"

"आधी खा."

त्यानं एक घास घेतला. उरलेला पिरोग ताटात ठेवून दिला. "मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला. "म्हणजे सुरुवातीला विसरलो असेन, ठाऊक नाही. पण मग मला कळलं होतं. तीन ओळी बाकी होत्या. मी उतरू शकत होतो. उतरलो नाही."

तिनं बशीतल्या चहावर फुंकर मारली. "ठाऊक आहे."

"काय?"

"अरे, तीस वर्षं गात होते मी. तू पहिला सूर दाबलास तेव्हाच मला कळलं. चार ओळी होत्या माझ्याकडं, तुझ्यापेक्षा एक जास्तच. नुसता हात उचलला असता तर तू थांबला असतास. मी खोकले असते, शाल सारखी केली असती, पाणी मागितलं असतं. असली सोंगं मला शंभर येतात."

"मग का नाही—"

"कारण तो सूर ऐकला आणि वाटलं, हा माझा. दीड महिना मी ते गाणं तळघरात कोंडून गात होते. वाटलं, एकदा वर नेऊन बघू. पडले तर पडले." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "पहिलं कडवं कसं होतं रे? मला बाहेरून ऐकू येत नाही ना."

"त्यानंतर मी तसं काही ऐकलं नाही," तो म्हणाला.

"हं. मलाही वाटलंच."

तीन वर्षं छातीवर बसलेला दगड जरासा हलला. त्यानं श्वास घेतला. "म्हणजे मग... तुम्हाला कळलं होतं, तुम्हीच ठरवलंत. म्हणजे तसं पाहिलं तर माझा—"

तिनं बशी खाली ठेवली. इतक्या जोरात, की चहा सांडला.

"थांब. मी केलं ते माझं. तू केलंस ते तुझं. माझ्या आडोशाला येऊन उभा राहू नकोस. समाराला तू आत आल्यावर मी तुला काय विचारलं होतं?"

त्यानं मान खाली घातली.

"विचारलं होतं, विसरलास का? तेव्हा नाही म्हणाला असतास ना, तर मी तुझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि सगळं तिथंच मिटलं असतं. या धंद्यात कोण कुणाच्या वाईटावर नसतं? मीही तरुणपणी एकीचा झगा लपवलाय. पण तू माझ्या तोंडावर हो म्हणालास. माझा आवाज जाऊन पाच मिनिटं झाली नव्हती, आणि तू मला खोटं सांगून टाळ्या घ्यायला गेलास. तीन वर्षं मला राग आहे तो त्या 'हो'चा."

बहीण दारातून डोकावली आणि पुन्हा आत गेली. पिरोग गार झाला होता. केशानं विचारलं, "संध्याकाळी याल?"

"नाही. मी मैफिलींना जात नाही. लोक माझ्याकडं वळून बघतात, मग गाणाऱ्याला वाईट वाटतं." तिनं वह्या गोळा केल्या. "आता ऊठ. मुली यायची वेळ झाली."

त्या संध्याकाळी त्यानं वाजवलं. एक सूर चुकला नाही. दुसऱ्या दिवशी व्होरोनेझहून त्यानं तिला चार पानी पत्र लिहिलं, या वेळी मात्र शेवटपर्यंत, आणि त्यात स्वतःची कुठलीही बाजू मांडली नाही. महिनाभरानं उत्तर आलं. क्षमेचा शब्दही त्यात नव्हता. 'केशा, पत्र पोचलं. ईस्टरला माझ्या मुली समूहानं गाणार आहेत. वाजवणारी बाई बाळंतपणाला गेली. तुला जमत असेल तर ये. नसेल तर आधीच कळव, मी दुसरं कुणी बघेन.'

त्या आठवड्यात कीवची मैफल ठरली होती. स्टेम्पेल फार ओरडला. केशा तांबोवला गेला.

शाळेच्या दालनात आईबापांची गर्दी होती आणि रंगवलेल्या अंड्यांच्या टोपल्या होत्या. पियानोच्या बाकावर कोण बसलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. कपितोलिना साविश्नानं त्याला फक्त लय किती ठेवायची ते सांगितलं, आणि मग ती मुलींकडं तोंड करून उभी राहिली. त्या पियानोचे मधले दोन सूर मुके होते, तांबोवला ते दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. त्यानं ते सोडून वाजवलं.